खातं कुणाच्या नावावर? धर्मगुरू, आयकर आणि छळाचा आरोप

फेब्रुवारी १९६०. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एका बाप्टिस्ट पाद्र्याला अटक झाली. वॉरंट शेजारच्या अलाबामा राज्याचं होतं. १९५६ आणि १९५८ या दोन वर्षांच्या राज्य आयकराच्या विवरणपत्रांवर जाणूनबुजून खोटी माहिती भरून सही केली, असा आरोप होता. पाद्र्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

२० जुलै १९८४ रोजी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या केंद्रीय तुरुंगात आणखी एक धर्मगुरू दाखल झाला. कोरियातून आलेले, 'युनिफिकेशन चर्च'चे संस्थापक सन म्युंग मून. त्यांच्यावरचा मुख्य आरोपही तोच होता: खोट्या विवरणपत्रावर सही.

आपल्याला कराच्या आडून छळलं जातंय, असं दोघांच्याही बाजूने ठासून सांगितलं गेलं. एक निर्दोष सुटला, दुसरा तुरुंगात गेला. असे खटले कसे वाचायचे हे समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगी पडते. कारण 'गुरूवर कराचा गुन्हा' अशी बातमी आली की आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, लोक लगेच दोन तट करतात. भक्त म्हणतात छळ, विरोधक म्हणतात चोरी. यात दोन वेगळे प्रश्न आहेत. कायदा मोडला का, हा पहिला. एवढ्या लोकांतून नेमका हाच माणूस सरकारने का धरला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसरा प्रश्न निकालात निघत नाही, आणि दुसऱ्यात काळंबेरं दिसलं म्हणून पहिला पुसला जात नाही.

संस्था करमुक्त, माणूस नव्हे

आधी कायद्याचा पाया पाहू, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत चर्च, मंदिर, मशीद अशा संस्थांना केंद्रीय आयकर लागत नाही. इतर धर्मादाय संस्थांना या सवलतीसाठी अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी माहितीपत्रक भरावं लागतं. चर्चला दोन्हीतून सूट आहे. सवलत मोठी आहे, पण अट कडक आहे: संस्थेचा पैसा कुणा खासगी माणसाच्या खिशात जाता कामा नये. पाद्र्याला पगार मिळतो त्यावर त्याने तुमच्या-माझ्यासारखाच आयकर भरायचा.

म्हणजे करमुक्ती संस्थेला असते, संस्था चालवणाऱ्याला नसते. वाक्य सोपं आहे, पण व्यवहारात घोळ होतो, कारण नव्या पंथात संस्था आणि संस्थापक वेगळे काढणं अवघड असतं. भक्त पैसे देतो ते गुरूंना की पंथाला? त्याला विचारलं तर तो म्हणेल, फरक काय?

आपल्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ घ्या. वर्गणी जमली, मंडळाचं बँक खातं अजून उघडलेलं नाही, म्हणून खजिनदाराने रक्कम स्वतःच्या बचत खात्यात ठेवली. हा गुन्हा झाला का? तेवढ्यावरून नाही. पैसे मंडळाचे आहेत, तो फक्त सांभाळतोय. पण त्याच खात्यातून त्याने पोराची शाळेची फी भरली, व्याज स्वतःचं म्हणून वापरलं, आणि चौकशी आल्यावर मागच्या तारखेच्या पावत्या लिहायला बसला, तर 'मी फक्त सांभाळत होतो' हे कुणाला पटेल? मून यांचा खटला बव्हंशी या खजिनदाराचाच आहे, फक्त आकडे मोठे आणि खजिनदार देवाचा दूत.

आणखी एक बारीक मुद्दा. कर कमी भरला तर खातं नोटीस काढतं, दंड-व्याज लावतं, आणि प्रकरण बहुधा तिथेच मिटतं. फौजदारी खटला उभा राहतो तो 'जाणूनबुजून' या शब्दावर. अमेरिकेच्या करकायद्यात खोट्या विवरणपत्रावर शपथेखाली सही करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी किती कर बुडाला हे सिद्ध करावंच लागत नाही. त्यामुळे 'एवढ्याशा रकमेसाठी तुरुंग?' हा भक्तांचा प्रश्न ऐकायला रास्त वाटतो, पण न्यायालयात त्याला फारसं वजन नसतं.

माँटगोमेरी, १९६०

किंग यांच्यावरच्या खटल्यात छळाचा दावा सिद्ध करायला फार कष्ट लागत नाहीत. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात झालेला बस-बहिष्कार यशस्वी करून दाखवलेला हा माणूस अलाबामाच्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होता. राज्याच्या कर अधिकाऱ्यांनी त्यांची जुनी विवरणपत्रं उकरली आणि जादा कर मागितला. किंग यांनी तो भरलाही, तरी गुन्हा दाखल झालाच. अशा फौजदारी आरोपाखाली त्या राज्यात त्याआधी कुणालाच उभं केलेलं नव्हतं. कायदा सगळ्यांसाठी होता, वापरला मात्र एकावर.

राज्याची पद्धतही पाहण्यासारखी होती. किंग यांच्या बँक खात्यात जे जे जमा झालं ते ते उत्पन्न, असं सरसकट धरलं गेलं. पण ते देशभर भाषणं देत हिंडत होते. विमानाची तिकिटं, हॉटेलं, जेवणखाण यांवर आधी पदरचा खर्च होई आणि मग संस्था तो परत करी. चळवळीचा पैसा त्यांच्या खात्यातून वाहत होता. तेव्हा प्रश्न तोच आला: खात्यातली रक्कम कुणाची?

किंग यांना हा आरोप इतर कुठल्याही अटकेपेक्षा जास्त लागला. निदर्शनात तुरुंगात जाणं ही अभिमानाची गोष्ट होती. पैसे खाल्ल्याचा आरोप म्हणजे चारित्र्यावरचा डाग, आणि तो कोर्टाच्या निकालाने धुतला जाईलच याची खात्री नव्हती. बारा गोऱ्या माणसांच्या ज्यूरीपुढे, १९६० सालच्या अलाबामात, काळ्या पुढाऱ्याला न्याय मिळेल अशी आशा त्यांच्या वकिलांनाही फारशी नव्हती.

पण कागद त्यांच्या बाजूने होते. खर्चाच्या नोंदी ठेवलेल्या होत्या आणि त्या जुळत होत्या. सरकारी पक्षाचा स्वतःचा कर तपासनीस उलटतपासणीत कबूल करून बसला की त्याला लबाडीचा पुरावा सापडला नव्हता. २८ मे १९६० रोजी, चार तासांच्या आत, सगळ्या गोऱ्या ज्यूरीने किंग यांना निर्दोष सोडलं.

या खटल्याचं एक शेपूट फार लांबवर गेलं. बचावाचा खर्च भागवण्यासाठी किंग यांच्या पाठीराख्यांनी २९ मार्च १९६०च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली. तिच्यातल्या काही चुकांवरून माँटगोमेरीच्या एका नगर आयुक्ताने वृत्तपत्रावर आणि चार काळ्या पाद्र्यांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४ साली त्यातून अमेरिकेतल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याचा सगळ्यात गाजलेला निकाल निघाला. म्हणजे पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवल्या जाणाऱ्या त्या निकालाचं मूळ एका पाद्र्याच्या आयकर खटल्यात आहे. त्या चार प्रतिवादी पाद्र्यांपैकी एकाचं नाव जोसेफ लोअरी. ते पुढे पुन्हा येणार आहेत.

मून यांचे चेस मॅनहॅटनमधले पैसे

मून यांचा जन्म १९२० सालचा, आजच्या उत्तर कोरियातला. कम्युनिस्ट राजवटीत त्यांनी हुंगनामच्या श्रमछावणीत दिवस काढले. १९५०च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उत्तरेकडे सरकल्या तेव्हा सुटका झाली. १९५४ साली सोलमध्ये त्यांनी आपला पंथ स्थापला. दुसऱ्याच वर्षी तिथेही अटक झाली, पण आरोप टिकले नाहीत. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी. त्यांच्या अनुयायांच्या लेखी तुरुंग हा गुरूंच्या चरित्राचा ठरलेला अध्याय होता. येशूला क्रुसावर चढवणाऱ्या सत्तेचाच हा पुढचा अवतार, अशी त्यांची समजूत पक्की होती. त्यामुळे अमेरिकेतला खटला त्यांना कराचा खटला वाटणं शक्यच नव्हतं.

१९७०च्या दशकात मून अमेरिकेत आले आणि झपाट्याने नाव, पैसा आणि शत्रू मिळवले. वॉटरगेट घोटाळ्याच्या भर वादळात त्यांच्या अनुयायांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी निदर्शनं केली. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या तरुण भक्तांचे आईबाप 'आमच्या मुलांचं डोकं फिरवलं' म्हणून आक्रोश करत होते. मुलांना पळवून नेऊन त्यांची श्रद्धा 'उतरवणारे' भाडोत्री लोकही तेव्हा होते. संसदेच्या एका उपसमितीने कोरियन सरकारच्या अमेरिकेतल्या कारवायांची चौकशी करताना या पंथाचाही माग काढला. थोडक्यात, देशातल्या सर्वांत नावडत्या माणसांत मून यांची गणना होत होती.

ऑक्टोबर १९८१मध्ये न्यूयॉर्कमध्ये आरोपपत्र आलं. चेस मॅनहॅटन बँकेत मून यांच्या नावावर पंधरा लाख डॉलरांहून जास्त ठेवी होत्या. त्यांवरचं १९७३ ते १९७५ या तीन वर्षांतलं सुमारे १ लाख १२ हजार डॉलर व्याज त्यांनी उत्पन्नात दाखवलं नव्हतं. शिवाय टोंग इल नावाच्या, जिनसेंग चहा वगैरे आयात करणाऱ्या कंपनीचे ५० हजार डॉलरांचे शेअर्स मिळाले तेही दाखवले नव्हते. सहआरोपी होते त्यांचे जपानी सहकारी ताकेरू कामियामा. त्यांच्यावर तपासात अडथळा आणल्याचे आणि खोटी साक्ष दिल्याचे आरोप होते.

मून त्या वेळी कोरियात होते. दोन्ही देशांत तेव्हा प्रत्यार्पणाचा करार नव्हता, म्हणजे ते तिथेच राहिले असते तर कुणी हात लावू शकलं नसतं. ते परत आले. न्यायालयाबाहेरच्या सभेत त्यांनी सांगितलं की आपली कातडी गोरी असती आणि धर्म प्रेस्बिटेरियन असता तर आपण आज इथे उभे नसतो. भक्तांना ते वाक्य आजही पाठ आहे. सरकारी वकिलांनीही ते नीट लक्षात ठेवलं, ते कसं ते पुढे येतंच.

बचावाचा गाभा असा: हे पैसे मून यांचे नाहीतच. जगभरच्या अनुयायांनी ते चळवळीसाठी दिले, मून फक्त विश्वस्त म्हणून सांभाळत होते. पाद्र्याच्या नावावर चर्चची मालमत्ता असणं अमेरिकेत नवं नाही. कित्येक राज्यांत कॅथलिक बिशपच्या पदाच्या नावानेच सगळी मालमत्ता असते. मग आशियाई गुरूच्याच बाबतीत हा नियम का बदलावा?

हा बचाव पोकळ नव्हता. म्हणूनच पुढे मून यांचा पंथ मुळीच न आवडणाऱ्या मोठमोठ्या चर्च संघटना त्यांच्या बाजूने अपिलात उतरल्या. त्यांची भीती सरळ होती: आज यांच्या खात्याचा अर्थ सरकार लावतंय, उद्या आमच्या लावेल.

पण सरकारी पक्षाकडे कागद होते. चर्चची स्वतंत्र खाती अस्तित्वात होती, मग हे पैसे त्यात का ठेवले नाहीत? मून यांच्या नावच्या पैशांतून मुलांच्या शाळेच्या फीसारखे घरगुती खर्च झाले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ही रक्कम कर्जाऊ आणि युरोपातल्या अनुयायांच्या निधीतून आली हे दाखवण्यासाठी जे कागद पुढे केले गेले, ते मागच्या तारखा घालून बनवलेले निघाले. काही कागदांवर जी तारीख होती त्या दिवशी तो कागद गिरणीतून बाहेरसुद्धा पडलेला नव्हता.

माझ्या मते खटला इथेच संपला. हातातलं सत्य चांगलं असेल तर त्याला खोट्या कागदाची टेकू द्यायची गरज नसते, असंच कुठल्याही ज्यूरीला वाटणार. कदाचित पैसे खरोखरच पंथाचे असतील आणि घाबरलेल्या सहकाऱ्यांनी अतिहुशारी केली असेल. मून यांना इंग्रजी जेमतेम येत होतं, विवरणपत्रं इतरांनी तयार केली होती, हेही बचावाने सांगितलं. १८ मे १९८२ रोजी ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरवलं. १ जुलैला मून यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २०७५ जोडप्यांची सामुदायिक लग्नं लावली आणि १६ जुलैला त्यांना १८ महिने कैद आणि २५ हजार डॉलर दंड झाला. कामियामा यांना सहा महिने.

मग छळ झाला की नाही?

आता दुसरा प्रश्न. इथे मून यांच्या बाजूची सर्वांत दमदार बाब कराशी संबंधित नाहीच, ती ज्यूरीशी संबंधित आहे. नानावटी खटल्यामुळे मराठी वाचकाला ज्यूरी म्हणजे काय आणि तिच्यावर बाहेरच्या वाऱ्याचा किती परिणाम होतो हे वेगळं सांगायला नको. मून यांनी विनंती केली: लोक माझा तिरस्कार करतात, मला ज्यूरी नको, एकट्या न्यायाधीशाने निकाल द्यावा. अमेरिकेत आरोपीला ज्यूरीचा हक्क आहे, पण ज्यूरी नाकारण्याचा हक्क नाही. सरकारी पक्षाची संमती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालीच ठरवून टाकलेलं होतं. सरकारी वकिलांनी संमती दिली नाही. त्यांनी दिलेल्या कारणांत हेही होतं की मून यांनी खटल्याच्या हेतूवर जाहीर शंका घेतली आहे, तेव्हा निकाल सामान्य नागरिकांकडूनच आला तर लोकांचा विश्वास राहील. म्हणजे छळाची तक्रार केली, म्हणून तक्रारदाराला ज्यांची भीती वाटत होती त्यांच्यापुढेच उभं केलं. न्यायाधीश जेरार्ड गेटेल यांचा कलही ज्यूरीशिवाय खटला चालवण्याकडे होता, पण नियम आडवा आला.

अपिलात मून यांच्यासाठी हार्वर्डचे घटनातज्ज्ञ लॉरेन्स ट्राइब उभे राहिले. सप्टेंबर १९८३मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तीनपैकी एका न्यायमूर्तींचं मत मात्र काही अंशी वेगळं पडलं, आणि तेही नेमकं 'विश्वस्त' या मुद्द्यावर ज्यूरीला नीट समजावलं गेलं का, यावर. १४ मे १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

'आम्हालाच निवडून धरलं' या दाव्याची कायद्यातली कसोटी फार अवघड आहे. आरोपीने दोन गोष्टी दाखवायच्या. एक, अगदी आपल्यासारखंच वागलेले इतर लोक होते आणि त्यांना मोकळं सोडलं गेलं. दोन, आपली निवड वंश, धर्म किंवा मतं यांसारख्या नको त्या कारणावरून झाली. नुसतं 'अधिकाऱ्यांना आम्ही आवडत नाही' पुरत नाही. अधिकाऱ्यांना कुठलाच आरोपी आवडत नसतो! मून पहिल्याच पायरीवर अडकले: मागच्या तारखांच्या कागदांसकट एवढी रक्कम स्वतःच्या नावावर ठेवणारा आणि तरीही सोडून दिलेला दुसरा पाद्री त्यांना दाखवता आला नाही.

ही कसोटी सरकारला झुकतं माप देते, हे कबूल केलं पाहिजे. इतर कुणाला सोडलं याची यादी सरकारच्याच कपाटात असते. आणि करखातं राजकीय हत्यार म्हणून वापरलं जात नाही असं समजणं भाबडेपणाचं आहे. निक्सन यांच्या काळात, १९६९ ते १९७३, अमेरिकेच्या करखात्यात एक खास कक्षच होता. त्याचं काम सरकारला नकोशा वाटणाऱ्या संस्था आणि माणसांच्या फाइली गोळा करणं हे होतं.

सिनेटर ऑरिन हॅच यांच्या उपसमितीने जून १९८४मध्ये धार्मिक स्वातंत्र्यावर सुनावणी ठेवली, मून तिथे बोलले, आणि त्यांच्यावर अन्याय झाला असं हॅच यांचं मत बनलं. त्याच वर्षी संसदेने चर्चच्या कर तपासणीवर नवे निर्बंधही घातले. वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदवल्याशिवाय चर्चचे हिशेब उघडायला सांगता येत नाहीत, आधी नोटीस द्यावी लागते, बैठकीची संधी द्यावी लागते. फौजदारी तपासाला मात्र हे निर्बंध लागू नाहीत. म्हणजे मून यांचा खटला पुन्हा उभा राहिला असता, तरी या कायद्याने त्यांना वाचवलं नसतं.

ऑगस्ट १९८५मध्ये मून सुटले तेव्हा त्यांना राष्ट्राध्यक्षांनी माफी द्यावी अशी मागणी करायला दोन पाद्री पत्रकारांसमोर आले. एक जेरी फॉलवेल, कट्टर उजव्या ख्रिस्ती राजकारणाचे म्होरके. दुसरे जोसेफ लोअरी, किंग यांच्या संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष. अलाबामाने कर आणि कोर्ट यांचा कसा वापर केला होता ते लोअरींनी स्वतःच्या अंगावर झेललेलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण किंग यांचं ते दूध होतं आणि मून यांचं ताक, असं मला वाटतं. एकाच्या वह्या जुळल्या होत्या, दुसऱ्याच्या तारखा जुळल्या नाहीत. माफी काही मिळाली नाही. पंथाच्या इतिहासात मात्र डॅनबरी हा पराभव म्हणून लिहिला गेला नाही. उलट, इतर चर्चांनी पहिल्यांदाच बाजू घेतली तो क्षण म्हणून तो मिरवला जातो.

प्रामाणिक श्रद्धा आणि सोयीची श्रद्धा

कधी कधी श्रद्धाच कर भरायला मनाई करते. पेनसिल्व्हेनियातले एडविन ली हे अमिश पंथाचे शेतकरी आणि सुतार. म्हाताऱ्यांची, गरजूंची काळजी समाजानेच घ्यायची, सरकारी विमा घेणं पाप, असं अमिश मानतात. स्वतःचा धंदा करणाऱ्या अमिशांना संसदेने सामाजिक सुरक्षा करातून सूट दिली होती, पण ली यांच्या हाताखाली इतर अमिश कामगार होते आणि मालकाला ती सूट नव्हती. त्यांनी कर भरला नाही. लबाडीचा लवलेश नव्हता, श्रद्धा खरी आहे हे न्यायालयानेही मानलं. तरी फेब्रुवारी १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. प्रत्येक पंथाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे कर वगळायचे ठरवले तर करव्यवस्थाच चालणार नाही, हा त्याचा आधार. या सगळ्या प्रकरणांत मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याच माणसाबद्दल.

याउलट फ्लोरिडातले केंट होविंद. उत्क्रांतिवादाला खोटं ठरवणारी व्याख्यानं देत आणि पेन्साकोलात डायनासोरचं उद्यान चालवत. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे कुणी नोकर नाहीतच, सगळे मिशनरी आहेत, सगळं देवाचं आहे, त्यामुळे पगारातून कर कापायचा प्रश्नच येत नाही. ठीक, ही श्रद्धा म्हणू. पण अमेरिकेत दहा हजार डॉलरांहून मोठा रोख व्यवहार बँक सरकारला कळवते, आणि होविंद दांपत्याने रकमा बरोबर त्या रेषेच्या खाली ठेवून पुन्हा पुन्हा पैसे काढले होते. अशा ४५ वेळांचे ४५ आरोप लागले. देवाचं म्हणून जे आहे ते बँकेच्या नोंदीपासून लपवायचं कारण काय, याचं उत्तर धर्मशास्त्रात सापडत नाही. नोव्हेंबर २००६मध्ये ते सर्व ५८ आरोपांत दोषी ठरले. दहा वर्षांची शिक्षा झाली. छळाचा दावा त्यांनी तुरुंगातूनही चालू ठेवला.

आणि आपल्याकडे

पुणेकरांना या विषयावर रजनीश आठवतात. कोरेगाव पार्कातल्या आश्रमाच्या करसवलतीवरून आयकर खात्याशी वाद पेटलेला असताना १ जून १९८१ रोजी ते मुंबईहून न्यूयॉर्कला गेले. तिकडे ऑरेगनमध्ये अख्खं शहर वसवलं आणि १९८५मध्ये शेवटी धरले गेले ते कराच्या नव्हे, स्थलांतर कायद्याच्या कलमांखाली. निलंबित शिक्षा, चार लाख डॉलर दंड आणि देशाबाहेर रवानगी. सरकारला खरा राग ज्याचा असतो ते बहुतेकदा गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नाही. मग जे कागदावर सिद्ध होईल ते कलम लागतं. छळाच्या तक्रारीला जमीन मिळते ती इथे.

पण मून यांचा पेच भारतात थोडा वेगळा सुटतो, कारण आपल्या कायद्यात देव स्वतःच मालक असू शकतो. मूर्तीच्या नावे जमीन असते, सेवेकरी फक्त व्यवस्थापक. १९६९ साली योगेंद्रनाथ नस्कर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट शेवटपर्यंत नेली: देवता ही कायद्याने व्यक्ती असेल तर तिच्यावर आयकरही बसू शकतो, सेवेकऱ्यामार्फत. पैसा देवाचा, असं म्हणून सुटका नाही. देवाचा असेल तर देवाच्या नावाने हिशेब द्या.

महाराष्ट्रात तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने प्रत्येक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, हिशेबतपासणी आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट हे सगळं आहेच. त्याच्यावर आयकर. १९६१च्या आयकर कायद्यात कलम १३ होतं: न्यासाचं उत्पन्न संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरलं तर करसवलत जाते. गुरूंच्या पुतण्याच्या नावावरची गाडी न्यासाच्या पैशांतली निघाली, की आयकर अधिकाऱ्याला धर्माबद्दल एक अक्षरही बोलावं लागत नाही.

सगळ्यात ताजा आणि सगळ्यात शांतपणे लढला गेलेला वाद मात्र गुरूंचा नव्हे, नन आणि पाद्री शिक्षकांचा आहे. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या कॅथलिक नन आणि पाद्री यांचा पगार सरकार देतं. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, पगारातला पैसा त्या स्वतःकडे ठेवत नाहीत, तो मठाकडे किंवा धर्मप्रांताकडे जातो. १९४४ सालापासूनच्या एका परिपत्रकाच्या आधारे त्यावर कर कापला जात नव्हता. पुढे खात्याने टीडीएस कापायला सांगितलं. चर्चची बाजू होती की व्रत घेतलेला माणूस चर्चच्या कायद्यानुसार नागरी अर्थाने मृतच असतो, तेव्हा पगार त्याचा नाहीच. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९मध्ये हे अमान्य केलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळी अपिलं फेटाळली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीत विचारलं ते असं, की उद्या एखादा हिंदू पुजारी म्हणाला, मी माझा पगार पूजेसाठी संस्थेला देऊन टाकतो, तर त्याचा कर कापायचा नाही का? पगार आधी त्या व्यक्तीच्या नावे जमा होतो. त्यानंतर तो कुणाला द्यायचा हा तिचा प्रश्न, आणि टीडीएस त्याआधीच कापला जातो.